लांबूनच

भर दुपारी कोल्हापुरात महाद्वार रोडला एका दुकानाच्या पायरीवर उभा होतो. बायको आत ब्लाऊजपीसचा रंग जुळवत होती, म्हणजे वेळ भरपूर होता. समोरून गाड्या चाललेल्या. अंबाबाईच्या देवळाच्या महाद्वारासमोर आलं की जवळजवळ प्रत्येक गाडीवाला हँडलवरचा एक हात काढून छातीला लावायचा, मग ओठाला, आणि न थांबता पुढं. मागं खोकी बांधलेलं एक पार्सलवालं पोरगं आलं. मोबाइल कान आणि खांद्याच्या बेचक्यात दाबून ते कुणाला तरी 'पोचालोय, पोचालोय' म्हणत होतं. वाकडी असलेली मान त्यानं तशीच आणखी थोडी वाकवली. झाला नमस्कार. ब्रेकलाइट काही लागला नाही.

माझंही तसंच आहे. मी आत जात नाही, लांबूनच. देवीचं आणि माझं काही बिनसलेलं नाही, बिनसलंय ते रांगेशी. कुठल्याही मोठ्या देवळात जा, एक रांग असते, तिच्या शेजारी जरा जवळची दुसरी असते, आणि वर ओळख असलेल्यांसाठी एक वाट असते, जिथं रांगच नसते. देवासमोर पोचेपर्यंत माणसाला आपली पायरी इतकी नीट कळलेली असते, की मागायचं काय होतं तेच आठवत नाही. म्हणून मी रस्त्यावरूनच कळसाला हात करतो. पाहुणे आले की त्यांना आत सोडतो, चपला सांभाळतो. 'तुम्ही?' असं कुणी विचारलं तर 'आमचं रोजचंच आहे' म्हणतो. कोल्हापुरात हे उत्तर चालतं.

आज्जी मात्र आत जायची, आणि बोलायला जायची. शुक्रवारी ओटीचं सामान पिशवीत, मी बोटाला. गरुड मंडपातले ते काळपट झालेले लाकडी खांब ओलांडले की तिचे ओठ हलायला लागत. मला वाटायचं स्तोत्र म्हणत असेल. एकदा कान दिला तर चुलत्याच्या भाऊबंदकीतल्या वाटणीचं चाललेलं. 'तुझ्या डोळ्याम्होरं चाललंय न्हवं सगळं? मग?' त्या 'मग'नंतर ती खरोखरच उत्तरासाठी थांबायची. मागच्या बायका ढकलायच्या. पुजारी म्हणाले, 'आज्जी, पुढं सरा की.' ती वळूनही न बघता म्हणाली, 'थांबा वो, बोलालोय न्हवं मी!' आणि ते थांबले. आज कुणी थांबेल असं वाटत नाही. थांबावं तरी कसं, मागची माणसं कुठवर असतात बघा.

तिचा धर्म कुठला, असं तिला कुणी विचारलं असतं तर तिनं आधी विचारणाऱ्याचं घर कुठलं ते विचारलं असतं. शुक्रवार अंबाबाईचा. रविवार जोतिबाचा, डोंगर चढून खोबरं आणि दवणा वाहायचा, आणि 'चांगभलं' म्हणताना आवाज कापायचा तिचा. मोहरमला तालमीत पिराचे पंजे बसले की तिथंही नारळ. मी लहानपणी तापानं फणफणलो तेव्हा ती पिराला नवस बोलली, आणि पोरगं बरं झाल्यावर तो फेडायला त्याला मोहरमात फकीर केलं. गळ्यात नाडा घालून मी गल्लीत ऐटीत फिरलो. मला त्यातले फक्त चोंगे आठवतात, तुपाचे, वरच्या नक्षीच्या खाचांत खसखस अडकलेली. गल्लीतली निम्मी पोरं फकीर. आडनावं विचाराल तर पाटील, जाधव, मोमीन, मिस्त्री. बाबूजमाल दर्ग्याच्या दारावर गणपती आहे, तो आम्ही 'हिंदू-मुस्लिम ऐक्याचं प्रतीक' वगैरे म्हणून बघितलाच नाही कधी. असतो तिथं गणपती, एवढंच. 2018 आणि 2019 मध्ये मोहरम आणि गणेशोत्सव एकत्र आले, तेव्हा काही तालमींत एकाच मांडवात मूर्ती आणि पंजे बसले. बाहेरगावच्या एका मित्राला त्याचं फार कौतुक वाटलं. आमच्याकडं चर्चा होती ती वर्गणी एकदाच घ्यायची की दोनदा याची.

या गावाला देवापेक्षा भटजींचा प्रश्न जास्त पडलेला दिसतो. पंचगंगेचा घाट, 1899, शाहू महाराज कार्तिकस्नानाला गेलेले. भटजी मंत्र म्हणतात ते पुराणोक्त, म्हणजे पुराणातले, वेदातले नव्हेत. संस्कृतचे पंडित राजारामशास्त्री भागवत बरोबर होते, त्यांनी हे महाराजांच्या लक्षात आणून दिलं. विचारल्यावर उत्तर मिळालं, शूद्रांना वेदोक्त चालत नाही. समोर उभा छत्रपती! पुढं ते प्रकरण राजोपाध्यांचं, म्हणजे राजघराण्याच्या पुरोहितांचं, वतन जप्त होण्यापर्यंत गेलं. हा प्रसंग आम्हाला शाळेपासून पाठ आहे, आणि 'देव आणि माणसाच्या मधे दलाल नको' हे माझं तारुण्यातलं भाषण मी त्याच्याच जोरावर ठोकायचो, कट्ट्यावर, मिसळ खाता खाता.

पण त्या गोष्टीचं पुढचं टोक मला बरेच दिवस अडचणीचं वाटायचं. 1920 मध्ये महाराजांनी काय केलं? पाटगावच्या मौनी महाराजांच्या मठात सदाशिवराव पाटील बेनाडीकर यांना क्षात्रजगद्गुरू, म्हणजे मराठ्यांचे स्वतःचे धर्मगुरू, म्हणून बसवलं. म्हणजे मधला माणूस उठवला, आणि त्या जागी आपला बसवला. मनात आणलं असतं तर एवढा मोठा राजा सांगू शकला असता, घरी अंघोळ करा, देवाला हात जोडा, विषय संपला. नाही सांगितलं. मी त्याला राजकारण म्हणून सोडून द्यायचो. आता वाटतं, माणसं त्यांनी माझ्यापेक्षा जास्त बघितली होती.

किरणोत्सवाचंच बघा. नोव्हेंबरात 9, 10, 11 आणि मग 31 जानेवारी, 1 आणि 2 फेब्रुवारी. मावळतीची किरणं महाद्वारातून आत शिरतात, गरुड मंडप ओलांडून गाभाऱ्यात पोचतात. एक दिवस पाय, एक दिवस छाती, एक दिवस मुखावर. या एका दर्शनाला मी गर्दीत उभा राहतो, कारण सूर्याला कुणी पास दिलेला नसतो. पण त्या आधी कुणीतरी त्या वाटेतल्या इमारती मोजत असतं, अडथळ्यांच्या याद्या करत असतं, महापालिकेला पत्रं लिहीत असतं. समिती, ठराव, बैठका. मला नको असलेलं सगळं. ते नसतं तर कुणाच्या तरी गच्चीवरच्या टाकीनं देवीचा चेहरा अंधारात ठेवला असता, आणि मी रस्त्यावरून हात कशाला केला असता? आत कुणी झाडतंय, कुणी दिवा लावतंय, कुणी भांडतंयसुद्धा, म्हणून माझं बाहेरून चालतं. ही फुकटेगिरी आहे हे मला कळतं. रांगेत मी तरीही उभा राहणार नाही, ती गोष्ट वेगळी.

आज्जी गेली त्या पावसाळ्यात नदी पात्राबाहेर होती. दहाव्याला घाटाच्या वरच्या अंगाला बसलो. आलेले गुरुजी कुणाच्याच ओळखीचे नव्हते, शेजारच्यांनी फोन करून बोलावलेले. त्यांनी गोत्र विचारलं. मी चुलत्याकडं बघितलं, चुलत्यानं नदीकडं. 'काश्यप म्हणा,' गुरुजी म्हणाले, 'ज्यांना ठाऊक नसतं ते सगळे काश्यप.' मी म्हणालो. पुढं सांगतील तसं करत गेलो; दर्भाची अंगठी, तीळ, पाणी, उजवीकडून, आता डावीकडून. एवढी वर्षं देवाशी थेट बोलण्याच्या गमजा मारणारा मी, त्या दिवशी माझ्याकडं एक शब्द नव्हता. त्यांच्याकडं होते. ते वेदोक्त आहेत की पुराणोक्त, हे विचारायचं डोक्यातही आलं नाही.