सनईच्या कॅसेटमधला केके

माझं लहानपण सोलापूरच्या पूर्व भागात गेलं, अशोक चौकाच्या मागं, आणि तिथं दिवसभर यंत्रमागांचा खडखडाट. पाहुणे आले की दोन मिनिटात वैतागायचे, आम्हाला मात्र त्या आवाजातच झोप लागायची. टीव्ही त्यामुळं कायम फुल्ल. तसल्या फुल्ल आवाजात एका संध्याकाळी 'जस्ट मोहब्बत'चं टायटल साँग कानावर पडलं आणि मी हातातलं दप्तर तसंच धरून उभा राहिलो.

मालिका सोनीवरची, १९९६ ला सुरू झालेली. जय नावाचा पोरगा, आणि त्याचा दोस्त गौतम, जो फक्त जयलाच दिसायचा. पुढं मोठा झालेला जय वत्सल सेठनं केला. मालिका मला आवडायचीच, पण मी वाट बघायचो ती गाण्याची. आमच्या घरात गाणी म्हणजे आईची भक्तिगीतं नाहीतर लग्नाच्या वरातीत वाजणारी सिनेमातली, आणि ती सगळी मोठ्या माणसांची. हे गाणं ऐकताना वाटायचं की कोणीतरी आपल्याच कट्ट्यावर शेजारी बसून आपल्यासाठी म्हणतंय, लई हळू, अजिबात जोर न लावता. गल्लीत एका घरी तेलुगू, समोर कन्नड, आमच्याकडं मराठी, पण क्रिकेट खेळताना सगळी पोरं तेच गुणगुणायची.

हे गाणं विकत कुठं मिळणार? मालिकांच्या गाण्यांची कॅसेट दुकानात नसायची. मग मी आणि शेजारच्या दोस्तानं ठरवलं, आपणच टेप करायचं. कोरी कॅसेट आणायला पैसे नव्हते, म्हणून मामाच्या लग्नातली सनईची कॅसेट घेतली, तिच्यावर परत टेप करता यावं म्हणून वरच्या भोकाला सेलोटेप लावला, टेपरेकॉर्डर टीव्हीच्या स्पीकरला चिकटवला आणि प्ले-रेकॉर्ड दोन्ही बटणं एकदम दाबली. खरं तर माग बंद असताना करायचं होतं, पण लाईट गेली की माग बंद आणि टीव्ही पण बंद, त्यामुळं इलाज नव्हता. जे टेप झालं त्यात गाणं होतं, मागं खडखडाट होता, मधेच आईचं "दार लावा रे" होतं, आणि गाणं संपलं की खट्ट आवाज होऊन लगेच सनई सुरू. ती कॅसेट आम्ही झिजेपर्यंत ऐकली.

गाणारा कोण ते मात्र माहिती नव्हतं. १९९८ ला झी वर 'हिप हिप हुर्रे' आलं, शाळेतल्या पोरापोरींची मालिका, तिचं टायटल साँग ऐकून दोस्त म्हणाला, "त्योच हाय बे!" मी मानायला तयार नव्हतो, दोन दिवस भांडलो. तो बरोबर होता. १९९९ मध्ये 'पल' अल्बम आला, नवी पेठेत एका दुकानात तो वाजत होता, मी सायकल थांबवली, आत जाऊन विचारलं तेव्हा पहिल्यांदा नाव कळलं. केके. कृष्णकुमार कुन्नथ, मल्याळी घरातला, दिल्लीत वाढलेला. सिनेमात नाव होण्याआधी त्यानं ३५०० च्या आसपास जिंगल्स, म्हणजे जाहिरातींची छोटी गाणी, गायल्या होत्या, आणि मला वाटतं म्हणूनच एवढ्याशा वेळात तो माणसाला धरून ठेवायचा. त्याच्यावर लिहिणारे 'हम दिल दे चुके सनम' सिनेमातल्या 'तडप तडप' पासून सुरुवात करतात, गाणं मोठंच आहे ते, पण आमच्या वयाच्या पोरांना तो त्याच्या आधीच भेटला होता, बिननावाचा. ही मालिकांची गाणी त्याच्या कामात पहिल्या ओळीत मोजायला पाहिजेत असं मला मनापासून वाटतं.

३१ मे २०२२ ला कोलकात्यात कार्यक्रम झाल्यावर तो गेला. ५३ वर्षांचा. बातमी मला सकाळी कळली, त्या दिवशी कामात लक्षच लागलं नाही. रात्री दोस्ताचा व्हॉइस मेसेज आला, तो आता हैदराबादला असतो, बोलणं महिनोन् महिने होत नाही. मेसेजमध्ये एक शब्द नव्हता. त्यानं ते टायटल साँग गुणगुणलं, शेवटपर्यंत, मग तोंडानं खट्ट केलं आणि सनई सुरू केली.