दोन ओळी अजून कोऱ्या

2019च्या ऑगस्टात सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांवर गेली. धोक्याची पातळी 45. माझं बाइंडिंगचं दुकान मिरजेत, तिथं पाणी आलं नाही. पण पूर ओसरला तशी भिजलेल्या वह्या-कागदपत्रांची दप्तरं येऊ लागली. एका सकाळी रिक्षातून दोघं वयस्कर माणसं उतरली. चादरीत तान्ह्या बाळासारखी गुंडाळलेली त्यांच्या चर्चची बाप्तिस्म्याची नोंदवही.

‘आम्ही मंडळीचे वडील,’ गुरुजी म्हणाले. मला कळेना, कुणाचे वडील? सोबतच्या सिस्टर हसल्या. त्याही वडीलच! सभासदांनी निवडलेले, डोक्यावर हात ठेवून नेमलेले, पाळकांच्या, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंच्या, जोडीनं मंडळी म्हणजे चर्चचे सगळे सभासद सांभाळणारे, ते वडील. पाळकांची बदली होते. हे दोघं चाळीस वर्षं तिथंच होते. सिस्टरांची नोकरी डॉ. वानलेस यांनी 1894 साली मिरजेत सुरू केलेल्या मिशन दवाखान्यात झालेली.

वही उन्हात घालायची नाही, पानं आखडतात. पानापानात टीपकागद, वर पंखा, तासातासाला टीपकागद बदलायचा. चौथ्या दिवशी दोघांना बोलावलं. नवल म्हणजे सगळ्यांत जुनी पानं शाबूत. ती काळपट पक्की शाई कागदात मुरलेली. अलीकडचं बॉलपेनचंही टिकलं. मधल्या वर्षांची निळी शाई मात्र फुटून पानभर पसरलेली.

दुपारभर ते वाचत बसले. मी जेवायला गेलोच नाही. पुसट ओळीवर बोट ठेवून गुरुजी नाव सांगायचे, सिस्टर आईचं नाव आणि गल्ली. ‘हिच्या बाळंतपणाला मी ड्यूटीवर होते.’ ‘याच्या आजीकडं पाळकसाहेबांबरोबर सायकलवरून प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षारस घेऊन जायचो, ती अंथरुणाला खिळलेली.’ कुणाची फी भरली, कोणत्या दोन भावांची भांडणं रात्री दीडपर्यंत बसून मिटवली, कुणाच्या मयताला पावसात खड्डा खणायला माणसंच मिळेनात. स्वतःविषयी एक शब्द नाही. सगळं नोंदवहीतल्या माणसांचं.

आठवलेली नावं त्यांनी मूळ पानावर घातली नाहीत. वेगळी वही केली आणि प्रत्येकापुढं लिहिलं, ‘आठवणीवरून’.

तीन ओळी उरल्या. जन्मतारीख दिसत होती, बाकी निळा डाग. एकीवर गुरुजी म्हणाले, ‘सुशीला असावी.’ सिस्टरांनी मान हलवली, ‘सुशीला पुढच्या वर्षाची.’ बराच वेळ दोघं गप्प. मला राहवेना. म्हटलं, ‘गुरुजी, घाला की सुशीला. आता कोण बघायला येतंय?’

त्यांनी चष्मा काढला. रागावले नाहीत. ‘बाळा, पाण्यानं नाव पुसलंय, माणूस नाही. अंदाजानं दुसरं नाव घातलं, तर त्या लेकराला आम्ही पुसलं.’

मी मान खाली घातली. पंचवीस वर्षं वह्या शिवतोय. वही हे माझ्यासाठी पान, दोरा आणि खळ होती. त्या दिवशी जुजबंदी करताना, म्हणजे पानांचे जुज दोऱ्यानं शिवताना, प्रत्येक टाका जपून घातला.

वही न्यायला आले तेव्हा सिस्टरांच्या चपलांना लाल माती होती. सुशीलाच्या ओळीवरून त्यांची झोप उडाली होती. दोघं सकाळीच कबरस्थानात जाऊन गवत बाजूला सारत दगड वाचत फिरले होते. एका लहान दगडावर जन्मतारीख जुळली. नाव सुशीला नव्हतं, शांता होतं.

गुरुजींनी माझ्याच काउंटरवर ते वेगळ्या वहीत लिहिलं आणि पुढं ‘दगडावरून’ अशी नोंद केली. उरलेल्या दोन ओळी अजून कोऱ्या आहेत.