मध्यमावरून पंचमावर

विद्यापीठाच्या संगीत विभागातलं माझं कपाट परवा रिकामं करून दिलं. सव्वीस वर्षांत त्यात काय काय साठलं होतं! मोहरीच्या तेलाची अर्धी बाटली, प्रात्यक्षिकाच्या जुन्या गुणपत्रिका, तडकलेल्या चार बासऱ्या आणि पांढरी पाचची, म्हणजे पेटीच्या पाचव्या पांढऱ्या पट्टीच्या सुराची, एक धडधाकट बासरी.

नोकरी लागण्याआधी मी नुसता वाजवणारा होतो. रेडिओच्या पहिल्या ऑडिशनला नापास झालो, तोही स्वतःच्या गाढवपणानं. जानेवारीची सकाळ, बासरी पिशवीतून काढली आणि तशीच ओठाला लावली. गार बासरी तंबोऱ्याच्या सुराखाली उतरते, हे तेव्हा ठाऊक नव्हतं असं नाही, घाई झाली. दुसऱ्या खेपेला ती अर्धा तास शालीत गुंडाळून काखेत धरून बसलो होतो.

मग विद्यापीठात लागलो. पन्नास मिनिटांचा तास, आणि वेळापत्रकाच्या कृपेनं दुपारी अडीचला सकाळचा राग भैरव. आधी चिडचिड व्हायची, पुढे पडदे ओढून घ्यायला शिकलो.

दुसऱ्याच वर्षी एका मुलीनं विचारलं, "सर, गाणारे मध्यमावरून पंचमावर अलगद जातात. तुमची मींड तिथेच का तुटते?" मध्यम म्हणजे म, पंचम म्हणजे त्याच्या पुढचा प, आणि मींड म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं. वर्गात शांतता. पंधरा वर्षं वाजवत होतो, पण तुटते हे कुणी तोंडावर म्हटलं नव्हतं.

उत्तर बोटांत आहे. शुद्ध मध्यमाला पहिलं भोक अर्धं झाकलेलं, बाकी सगळी उघडी. तीव्र, म्हणजे थोड्या चढ्या, मध्यमाला सहाही उघडी. आणि पंचमाला सहाही बंद! शेजारचे दोन स्वर, पण हातासाठी एक या टोकाला, दुसरा त्या टोकाला. घसरत जायला मधे जागाच नाही. मी इतकी वर्षं तिथे एक छोटी मुरकी, म्हणजे स्वरांची झटपट गिरकी, घालून वेळ मारून नेत होतो.

बासरीवादक पन्नालाल घोष परीक्षेत दरवर्षी यायचे. जन्म १९११, बारिसाल. लांब बासरी घडवून ख्याल हा गायनप्रकार बासरीवर आणला. १९६० साली गेले. मुलं एवढं लिहायची, मीही मुकाट्यानं गुण द्यायचो. जेमतेम ४८ वर्षांच्या आयुष्यात त्यांनी बासरीला सातवं भोक का पाडलं, हे ना मुलांनी लिहिलं, ना मी विचारलं. त्या मुलीच्या प्रश्नानंतर सात भोकांची बासरी हातात घेतली. बाकी सहाही बंद ठेवून करंगळीनं सातवं बंद केलं की पंचमाखाली तीव्र मध्यम मिळतो. करंगळी हळूच सरकवली, की त्याच फुंकेत पंचम. दरी बुजली! अर्थात हरिप्रसाद चौरसिया सहा भोकांवरच वाजवतात आणि त्यांचं काही अडत नाही. पण पुन्हा नव्यानं शिकायला बसताना त्यांनी बासरी धरायची बाजूच बदलून घेतली होती. तेवढी तयारी आपली आहे का?

गंमत पुढेच. त्या मुलीची करंगळी सातव्या भोकापर्यंत पोचेना. पांढरी तीनची बासरी म्हणजे जवळजवळ अडीच फूट बांबू, तिचा पंजा लहान. सगळ्यांनी एकाच पट्टीत वाजवायचं हा विभागाचा नियम, कारण हजेरीसारखं वादनही एकत्र घेता येतं. मी तिला पांढरी पाचची आखूड बासरी सात भोकांसह करून आणली. तबल्याचे मास्तर कुरकुरले, "एका मुलीसाठी मी तिच्या पट्टीचा दुसरा तबला उचलून आणू?" आणला बिचाऱ्यांनी. तिनं वीस मिनिटं यमन राग वाजवला. तीव्र मध्यमावरून ती पंचमावर गेली तेव्हा बाहेरून आलेल्या परीक्षकांनी मान वर केली. मी खिडकीबाहेर बघत राहिलो, कारण ती जागा माझ्याकडून तशी तोवर एकदाही आली नव्हती.

जाताना तिनं बासरी परत केली, आता स्वतःची घेतली म्हणाली. मी ती कपाटातच ठेवून आलोय. नव्या मास्तरांना लहान पंजाचं कुणीतरी भेटेलच. तबल्याचं मात्र त्यांचं त्यांनी बघावं.