एकच दाढ

"तुज्यानं येक दाढ निगंना व्हय गं पोरी?"

दुपारपासून हे डोक्यातून जात नाही. मावशी चिडून बोलल्या असत्या तर सोडून दिलं असतं. पण त्यांनी काळजीने विचारलं, माझंच काहीतरी बिनसलंय अशा सुरात. मग लेकाला म्हणाल्या, "चल, दुसरीकडं बघू," आणि पदर सावरत खुर्चीवरून उतरल्या. आज बाजार, बाहेरचा बाक भरलेला. सगळ्यांनी ऐकलं. निशाने ट्रेमधला दाढ काढायचा फोर्सेप्स न वापरताच उचलून आत नेला, तेही पाहिलं असणार.

निघाली असती. इतकी हलत होती की भूल चढायच्या आत हातात आली असती. मावशींनी तोंडभरून आशीर्वाद दिला असता, पिशवीतली वांगी टेबलावर ठेवली असती आणि गावभर सांगितलं असतं, पोरीच्या हाताला गुण हाय.

पण ती एकटीच हलत होती. मला तेच खटकलं. पायरिया असता तर शेजारचे दातही खिळखिळे झाले असते. मावशींचे बाकीचे दात मिसरीने काळे पडलेत, पण पक्के आहेत. खालच्या डाव्या बाजूला, गाल आणि हिरडीच्या मधल्या खाचेत, जिथे त्या मिसरीचं बोट फिरवतात आणि वर चिमूट तशीच ठेवून देतात, तिथे जखम. कडा वर आलेल्या, बोटाला कडक लागणाऱ्या. दुखतं का विचारलं तर "न्हाई." कधीपासून आहे? "दिवाळीपास्नं." हनुवटीच्या डाव्या अंगाला कापूस फिरवला तर त्यांना कळलंच नाही. जबड्याखाली गाठ, दाबली तरी दुखत नाही आणि जागची हलत नाही. छोटा एक्स-रे काढला तर दाढेच्या मुळांभोवतीचं हाड उंदराने कुरतडल्यासारखं.

गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. मिसरी मात्र घरच्या तव्यावर भाजली जाते, सासूकडून सुनेकडे जाते. तिच्यावर कोण आणि कशी बंदी घालणार? मावशींना तर ती तंबाखू वाटतच नाही. दात घासायचं म्हणतात.

अशा जागची दाढ काढली तर खड्डा भरत नाही. जखमेला हाडात उतरायला वाट मिळते. आणि याहून वाईट म्हणजे "दाढ काढलीय, भरंल की हळूहळू" म्हणत घरचे निवांत होतात आणि हाताशी असलेले महिने जातात. तुकडा काढून तपासणीला पाठवणं मला शिकवलंय, येतंही. पण पुढे जो सर्जन ऑपरेशन करणार, त्याला ती जखम जशी आहे तशी दिसायला हवी. तुकडा कुठून घ्यायचा हे त्याने ठरवलेलं बरं. म्हणून हात लावला नाही. म्हटलं, "मावशी, ही जखम साधी वाटत नाही. बार्शीला दाखवू." कॅन्सर हा शब्द त्यांच्यापाशी काढला नाही. लेकाला बाजूला घेऊन त्याच्याशी काढला. तो नुसता जमिनीकडे बघत राहिला.

आत्याचं आठवलं. ते आज नको.

मग एवढं लागलं का मला? पेशंट पुढे पाठवणं माझ्यासाठी नवीन नाही. नसेला चिकटलेली आडवी अक्कलदाढ मी सोलापूरला पाठवते. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी फिजिशियनची चिठ्ठी आणायला लावते. कोणी काही बोलत नाही. "तिथे मोठं मशीन आहे" म्हटलं की लोकांना पटतं; मशीन नसणं हा डॉक्टरचा कमीपणा नव्हे. पण हलती दाढ दोरा बांधूनही निघते, ती डॉक्टरला निघू नये? मावशींच्या जागी बसून पाहिलं तर त्यांचा प्रश्न रास्त आहे. मी त्यांच्या तोंडात जे पाहिलं ते त्यांना दिसत नाही, दुखतही नाही. त्यांना फक्त हलणारी दाढ माहीत आहे आणि ती काढायला नकार देणारी मी.

फी घेतली नाही, त्याने तर शंका वाढलीच असेल. पैसे नको म्हणते म्हणजे हिला काही येत नाही.

रडूच आलं मघाशी, भाकरी थापताना. पाच वर्षं शिकायचं, खुर्चीचे हप्ते अजून फेडायचे, शहरात राहा म्हणणाऱ्या सगळ्यांना नाही म्हणून इथे दवाखाना टाकायचा, आणि ज्या दिवशी शिकलेलं सगळं खऱ्या अर्थाने उपयोगी पडलं त्याच दिवशी चारचौघांत ऐकायचं की पोरीच्यानं दाढ निघत नाही. हाताने काही केलं की ते लोकांना दिसतं. हात आवरला तर कोणाला दिसणार? सुहासला सांगितलं तर म्हणाला, "तू बरोबर केलंस." ते मलाही ठाऊक आहे. बरोबर केलं म्हणून काय दुखायचं थांबतं का?

आणि त्या खरंच दुसरीकडे गेल्या तर? कोणीतरी ती दाढ काढूनही देईल. त्यांना तिथल्या तिथे बरं वाटेल. संध्याकाळभर हीच धास्ती होती. मावशी मला काय समजतात याचं दुःख खरं, पण त्याच्या खाली ही भीती होती हे आत्ता लिहिताना कळतंय.

बार्शी काही परमुलूख नाही, आमच्याच जिल्ह्यातलं गाव. तिथे कॅन्सरचं हॉस्पिटल आहे. आसपासच्या खेड्यांतल्या कॅन्सरची नोंद तिथे १९८७ पासून ठेवली जाते. देशात ग्रामीण भागातली ही पहिली नोंदणी. म्हणजे मावशींसारख्या बायकांची तोंडं बघितलेली, त्यांची बोली कळणारी माणसं तिथे आहेत. मुंबईला पाठवायचं असतं तर माझीच जीभ अडखळली असती. पण मावशींना बार्शी ठाऊक आहे ती एकादशीची, भगवंताच्या देवळाची. दवाखान्यासाठी त्या कधी तिथे गेल्या नाहीत.

साडेसातला लेकाचा फोन आला.

"मॅडम, तिथं दाढ काढत्यात का?"

म्हटलं, "काढायची की नाही ते तिथले डॉक्टर ठरवतील. काढायची वेळ आली तर तेच काढतील. इथे कुठे काढू नका, एवढं माझं ऐका."

"न्हाई काढत. मग आईला तसंच सांगतो, दाढंसाठी बार्शीला जायचं. ती तयार हाय. म्हंती, भगवंताचंबी दर्शन हुईल."

फोन ठेवल्यावर बराच वेळ नुसती बसून राहिले. मावशी दाढेसाठी जाताहेत. जाऊ देत. मला दाढ काढता येत नाही म्हणून त्या बार्शीला निघाल्या, असं गावात होईल, तेही होऊ दे. पोचणं महत्त्वाचं. तिथे त्यांना कोणीतरी नीट बसवून खरं काय ते सांगेल, आणि लेक सोबत असेल. त्याच्याशी मी खोटं बोलले नाही आणि मावशींशीही नाही, हे मात्र पुन्हा पुन्हा तपासून पाहिलं.

चिठ्ठी नव्याने लिहिली. दुपारची घाईतली होती. जखमेची जागा, मापं, गाठ, हनुवटीचा बधिरपणा, मिसरी कधीपासून, मधुमेहाच्या गोळ्या कोणत्या. दाढेला हात लावलेला नाही, हे अधोरेखित केलं. खाली माझा नंबर मोठ्या अक्षरात, आणि विनंती, की निदान कळवावं. पुढे पाठवलेल्या पेशंटचं काय झालं हे सहसा उलटून कोणी सांगत नाही. मग आपणच विचारत राहायचं.

लेकाला पुन्हा फोन करून कागद सांगितले. रेशनकार्ड, दोघांची आधारकार्डं, माझ्याकडचा एक्स-रे. महात्मा फुले योजनेत हे उपचार बसतात, पण रेशनकार्डावरचं आणि आधारवरचं नाव जुळायला हवं. मावशींचं एकीकडे माहेरचं लागलंय. त्यासाठी थांबू नका, आधी दाखवा, नाव मागाहून दुरुस्त करू, असं दोनदा बजावलं.

तो म्हणत होता ज्वारीची काढणी उरकली की जाऊ, पुढच्या आठवड्यात. मी म्हटलं उद्याच. शेवटी परवा सकाळच्या एसटीवर ठरलं. चिठ्ठी घ्यायला तो उद्या येईल. नाही आला तर निशाच्या भावाबरोबर घरी पाठवायची. परवा संध्याकाळी फोन मीच करणार.