तुम्ही विचारलंत म्हणून : नाचून मुलं वाचायला लागतात का?

सार्वजनिक ग्रंथालयात मी मुलांसाठी नृत्य आणि कथाकथनाच्या कार्यशाळा घेते, हे कळलं की लोक आधी कौतुक करतात आणि मग हळूच विचारतात, "पण काय हो, नाचून मुलं वाचायला लागतात का?" पालक विचारतात, शिक्षक विचारतात, कधीकधी ग्रंथपालही विचारतात. प्रश्न रास्त आहे. ग्रंथालयात जागा मोजकी आणि माणसं त्याहून मोजकी. ती नाचासाठी का अडवायची, हे मला नीट सांगता आलंच पाहिजे.

बऱ्याच जणांची समजूत असते की नाच हे आमिष आहे. आधी मुलांना नाचवायचं आणि खूश झाली की हातात पुस्तक द्यायचं. मी तसं करत नाही. गोष्टीतला प्रसंग स्वतःच्या अंगाने करायला घेतला की मूल त्या गोष्टीला प्रश्न विचारायला लागतं, आणि त्यांची उत्तरं शोधायला मजकुराकडेच परत जावं लागतं. माझ्या लेखी ते वाचनच आहे.

सिंह आणि उंदराची गोष्ट घ्या. सगळ्या मुलांना ती पाठ असते, म्हणून सांगायला सुरुवात केली की "माहितीये, माहितीये" असा गलका होतो. मग मी म्हणते, चला, करून बघू. एक मुलगी सिंह होऊन आडवी झाली. उंदीर झालेला मुलगा तिच्या दिशेने धावत निघाला आणि मध्येच थांबला. मला म्हणाला, "हा गाढ झोपलाय की नुसता डोळे मिटून पडलाय?" पाय कसे टाकायचे हे त्याला ठरवायचं होतं. गाढ झोप असेल तर बिनधास्त पळता येईल, नाहीतर चवड्यांवर जावं लागेल. ऐकताना हा प्रश्न कुणालाच पडला नव्हता. मी उत्तर दिलं नाही, पुस्तक उघडून ते वाक्य पुन्हा वाचलं. त्यात सिंह झोपला होता, एवढंच होतं. तेवढ्यात सिंह डोळे न उघडताच म्हणाला, "मी जेवून झोपलेय. म्हणून तर मी त्याला सोडणार आहे." त्यावर दुसरा एक मुलगा उसळला : मग त्यात दया कुठली, पोट भरलं होतं म्हणून सोडलं!

हा वाद चांगला रंगला. कुणीतरी शेल्फातून त्याच गोष्टीचं दुसरं पुस्तक काढून आणलं. त्यात उंदीर सिंहाच्या नाकावरून पळत होता, आमच्या पुस्तकात पाठीवरून. लगेच सगळ्यांना नाकाची आवृत्ती करून बघायची होती, कारण नाकावरून गेला तर सिंह शिंकत उठेल आणि पाठीवरून गेला तर दचकून. एकाच गोष्टीची दोन रूपं शेजारी ठेवून तपासणं हे अभ्यासकाचं काम. ही मुलं ते जमिनीवर लोळत करत होती.

याला संशोधनाचाही आधार आहे. मानसशास्त्रज्ञ आर्थर ग्लेनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली पहिली-दुसरीतल्या मुलांवर केलेलं काम प्रसिद्ध झालं. मुलांनी छोटा मजकूर वाचायचा आणि वाक्यात जे घडतं ते समोरच्या खेळण्यांनी करून बघायचं. नुसतं पुन्हा वाचणाऱ्या मुलांपेक्षा या मुलांना मजकूर जास्त लक्षात राहिला आणि जास्त समजलाही. पुढे त्यांना तीच कृती फक्त मनात करायला सांगितली, तेव्हाही फायदा टिकला. त्यांनी खेळणी वापरली, मी अख्खं शरीर वापरते, हा फरक मला मान्य आहे. पण वाक्य वाचताना मनात काहीतरी घडत असलं पाहिजे, ही मूळ गोष्ट दोन्हीकडे एकच आहे. अडखळत वाचणाऱ्या मुलाची सगळी ताकद अक्षरं जुळवण्यात जाते आणि मनातलं चित्र सांडून जातं. ते चित्र अंगाने आधीच पाहिलेलं असेल तर वाक्य त्याच्या हाताला लागतं.

आता नाच म्हणजे नक्की काय करतो, हेही विचारलं जातं. आमच्याकडे गाणं लावून बसवलेला नाच नसतो, कपडे नसतात, रंगमंच नसतो, शेवटी पालकांसमोर सादरीकरणही नसतं. सादरीकरण ठरलं की तालमी आल्या, तालमी आल्या की चूक-बरोबर आलं, आणि उंदराला पडलेला प्रश्न विचारायला कुणाला सवड राहत नाही. मी मुलांना पावलं शिकवत नाही, विचारते. जड की हलकं? अचानक की सावकाश? थेट की वळणावळणाने? मोकळं की आवरून धरलेलं? नृत्याचे अभ्यासक रुडॉल्फ लाबान यांनी हालचालीकडे बघण्यासाठी वजन, वेळ, अवकाश आणि प्रवाह असे चार घटक मांडले, त्यातूनच हे प्रश्न आले आहेत. मुलांना त्यांचं नाव सांगायची गरज पडत नाही. म्हातारी कशी चालते म्हटलं की सगळी कमरेत वाकतात आणि थरथरतात. पण ही म्हातारी लेकीकडे चालली आहे, जड की हलकी, असं विचारलं की दहा मुलांच्या दहा म्हाताऱ्या होतात.

हातांचं काम मला फार आवडतं. 'अभिनयदर्पण' या नृत्य-अभिनयावरच्या जुन्या संस्कृत ग्रंथात एका हाताच्या २८ मुद्रा सांगितल्या आहेत. मी त्यातल्या दोन-तीनच घेते, आणि पताक त्यात असतोच : बोटं सरळ, जुळलेली, अंगठा जरा दुमडलेला. हाच हात ढग दाखवतो, वन दाखवतो, नदी दाखवतो, दार उघडणंही दाखवतो, "नको" असंही म्हणतो. मग बघणाऱ्याने ओळखायचं कसं? आधी काय झालं, नजर कुठे आहे, पुढे काय येतंय, यावरून. मी न बोलता एक छोटा प्रसंग हातांनी करते आणि मुलं अर्थ लावतात. कुणी म्हणतं नदी, कुणी म्हणतं साप. मग मी विचारते, साप असता तर मी पुढे वाकून पाणी प्यायले असते का? संदर्भावरून अर्थ लावण्याची ही सवय पुस्तकाच्या पानावर जशीच्या तशी कामाला येते. व्हीलचेअरवर बसणारं मूल असेल तर त्या दिवशी सगळी गोष्ट हातांनी, खांद्यांनी आणि नजरेने होते. सगळ्यांचीच, फक्त त्या मुलाची नाही.

शांततेचा आक्षेपही वारंवार येतो. ग्रंथालयात गोंगाट कसा चालेल? वाचत बसलेल्या माणसाचा हक्क मला पूर्ण मान्य आहे. म्हणून आम्ही वाचनकक्षापासून लांबची खोली घेतो किंवा गर्दी नसलेली वेळ, आणि स्पीकर कधीच लावत नाही. एक छोटी डफली पुरते. डफली थांबली की असेल त्या अवस्थेत स्तब्ध व्हायचं, हा पहिला नियम. पण नाच ग्रंथालयाच्या कामात बसतच नाही, असं कुणी म्हणालं की मी युनेस्को आणि इफ्ला (ग्रंथालयांची आंतरराष्ट्रीय संघटना) यांचा १९९४ चा सार्वजनिक ग्रंथालय जाहीरनामा पुढे करते. मुलांना लहानपणापासून वाचनाची सवय लावणं, त्यांच्या कल्पनाशक्तीला चालना देणं आणि प्रयोगकलांच्या आविष्कारांपर्यंत लोकांना पोहोचू देणं, या तिन्ही गोष्टी त्यात ग्रंथालयाचं काम म्हणून नोंदवल्या आहेत. गोष्टीचा तास तर त्याहून जुना. अ‍ॅन कॅरल मूर १९०६ साली न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयात बालविभागाच्या प्रमुख झाल्या, आणि गोष्ट सांगणं हा त्यांच्या विभागाच्या कामाचा महत्त्वाचा भाग होता.

ग्रंथपालांची साथ नसेल तर मात्र हे सगळं अर्धंच राहतं. पुस्तकांना विषयानुसार क्रमांक देणाऱ्या ड्युई वर्गीकरणात लोककथा ३९८.२ ला असतात, लोकनृत्य ७९३.३ ला आणि रंगमंचीय नृत्य ७९२.८ ला. प्राणी आणखी तिसरीकडे, ५९० च्या घरात. एकाच कार्यशाळेची पुस्तकं अशी चार कपाटांत विखुरलेली असतात. चांगला ग्रंथपाल ती आधीच काढून एका टेबलावर मांडून ठेवतो. गोष्ट संपल्यावर मी कुणालाही "पुस्तक घ्या" म्हणत नाही. डफली खाली ठेवते आणि टेबलापासून बाजूला होते. सिंह झालेली ती मुलगी त्या दिवशी गोष्टींचं पुस्तक सोडून खऱ्या सिंहांचं पुस्तक घेऊन गेली. सिंह दिवसाचा किती वेळ झोपतो हे तिला बघायचं होतं.

जी मुलं भिंतीला टेकून नुसती बघत बसतात, त्यांना ओढू नका, ही माझी पालकांना कळकळीची विनंती आहे. दारातून "अगं कर ना, बघ सगळे करताहेत" अशा खुणा करणं थांबवाच. बघणं हेही काम आहे. अशा मुलाला मी पुस्तक धरायला देते : कुठे अडलं तर आम्ही तुला विचारू, तू वाचून सांग. बहुतेक वेळा सगळ्यात बारीक लक्ष त्याचंच असतं. काहींना पुढे कधीतरी उठावंसं वाटतं, काहींना कधीच नाही, आणि दोन्ही मला चालतं.

शेवटचा प्रश्न पालकच विचारतात : आम्हाला नाचता येत नाही, घरी हे जमेल का? जमेल. छोटी गोष्ट निवडा, जिच्यात कुणीतरी कुठूनतरी कुठेतरी जातं. आधी मोठ्याने वाचून दाखवा. मग मधली एकच जागा घ्या, नदी ओलांडणं, झाडावर चढणं, लपणं, आणि विचारा, "कसा गेला असेल?" मुलाने करून दाखवलं की शाबासकीची घाई करू नका. "तुला कसं कळलं?" असं विचारा आणि पुस्तक त्याच्याकडे सरकवा. तुम्ही स्वतः उठलात तर फारच छान, पण बसून राहिलात तरी हरकत नाही. फक्त हातातला फोन तेवढा वेळ दुसऱ्या खोलीत ठेवा.