शीटला घड्याळ नसतं

एक्सेलच्या शीटवर मी सेल्युलर ऑटोमेटा काढतेय: दर घरात ० किंवा १, आणि शेजाऱ्यांकडे बघून पुढच्या पिढीत त्या घराचं काय होणार ते सांगणारा एक नियम. मागच्या नोंदीत त्यांतल्या नियम ९० चा त्रिकोण अर्धवट राहिला होता. तो पुरा झाला, नियम ३० ही झाला. मग मोठ्या हौसेने 'लाइफ' या अशाच, पण आडव्या-उभ्या दोन्ही दिशांना पसरणाऱ्या खेळाला हात घातला आणि तिथे तीन आठवडे गेले.

आधी त्रिकोण. फॉर्म्युला एवढासा आहे: वरच्या ओळीतल्या डाव्या आणि उजव्या शेजाऱ्यांची बेरीज करायची आणि मॉड वापरून तिला २ ने भागल्यावरची बाकी घ्यायची. पहिल्या ओळीत मधोमध एकच १, बाकी सगळं रिकामं. मी उत्साहाच्या भरात फॉर्म्युला डावीकडे पार ए कॉलमपर्यंत ओढला. ए च्या डावीकडे कोण असणार? रेफची, म्हणजे नसलेल्या घराकडे बोट दाखवल्याची, एरर आली. ती तिथेच थांबली असती तर ठीक, पण दर ओळीला ती एकेक घर गिळत उजवीकडे सरकली आणि १२८व्या ओळीपर्यंत निम्मं चित्र एररचं झालं. एररचाही छान त्रिकोण झाला होता, हे मान्य करायला हवं.

आता ए मोकळा सोडलाय आणि १ ठेवलाय डीवाय कॉलमात, म्हणजे १२९व्या. १२८ ओळींचं चित्र मग बरोब्बर बी पासून आयव्हीपर्यंत पसरतं. एक्सेल २००७ येण्याआधी आयव्ही हाच शेवटचा, २५६वा कॉलम होता. म्हणजे जुन्या शीटमध्ये हे चित्र अगदी कडेला टेकलं असतं, फक्त आयव्हीतल्या फॉर्म्युल्याला उजवीकडचा शेजारी मिळाला नसता. आता कॉलम एक्सएफडीपर्यंत, १६,३८४ आहेत, त्यामुळे जागेची चिंता नाही.

कंडिशनल फॉरमॅटिंगने १ असलेली घरं काळी केली, कस्टम नंबर फॉरमॅटमध्ये तीन अर्धविराम टाकून आकडे लपवले आणि कॉलम अरुंद करून घरं चौकोनी केली. ६४व्या ओळीत एकाआड एक घर भरलेलं आणि लगेच ६५व्या ओळीत फक्त दोन ठिपके, दोन टोकांना. पहिल्यांदा वाटलं, ओढताना फॉर्म्युला कुठेतरी तुटला. नाही, ते तसंच असतं.

नियम ३० संगणकशास्त्रज्ञ स्टीफन वुल्फ्रॅम यांच्यामुळे प्रसिद्ध आहे. डावा शेजारी एकीकडे. मधला किंवा उजवा यांपैकी निदान एक भरलेला आहे का, हे दुसरीकडे. दोन्हींपैकी नेमकी एकच गोष्ट खरी असेल तर घर भरायचं. मी आधी इफच्या ('असं असेल तर' विचारणाऱ्या फंक्शनच्या) पोटात इफ घालत बसले होते. मग लक्षात आलं की डावा, मधला, उजवा यांची बेरीज करून तीत मधला गुणिले उजवा मिळवला आणि २ ने भागून बाकी घेतली की काम झालं. एकही इफ नाही! चित्राच्या डाव्या बाजूला शिस्तीत पट्टे येतात, उजवीकडे नुसता गोंधळ. कोनस टेक्स्टाइल नावाच्या समुद्री गोगलगायीच्या शंखावर जवळपास अशीच नक्षी असते. तपासायचं असेल तर मधल्या कॉलमात वरून खाली १, १, ०, १, १, १, ०, ० असे आकडे यायला हवेत.

इथवर सगळं सुरळीत होतं. आता दुखणं.

गणितज्ञ जॉन कॉनवे यांच्या १९७० सालच्या 'लाइफ'मध्ये घराचं भवितव्य आठ शेजाऱ्यांवर ठरतं. फॉर्म्युला सोपा करता येतो: स्वतःसकट तीन बाय तीन घरांची बेरीज घ्या. ती ३ असेल तर १, ४ असेल तर घर आहे तसं, नाहीतर ०. पण 'आहे तसं' म्हणजे घराने स्वतःकडेच बघायचं, म्हणजे सर्क्युलर रेफरन्स. तरी सेटिंगमध्ये जाऊन इटरेटिव्ह कॅल्क्युलेशन, म्हणजे तेच गणित फेऱ्याफेऱ्यांनी करणं, चालू केलं. तिथे फेऱ्यांची मर्यादा मुळात १०० असते, त्यामुळे एकदा एफ९ (पुन्हा गणित करायचं बटण) दाबलं की शंभर फेऱ्या उरकायच्या आणि मधलं काहीच दिसायचं नाही. ती १ केली.

मग तीन ठिपक्यांची आडवी काडी ठेवली. नियमाप्रमाणे ती पुढच्या पिढीत उभी व्हायला हवी. माझ्याकडे तीनाचे चार ठिपके झाले.

फॉर्म्युला दहादा तपासला. शेवटी चौकटीच्या वहीत पेन्सिलने एकेक घर, ओळीने, डावीकडून उजवीकडे सोडवलं आणि कागदावरही चारच आले. वरच्या ओळीतलं घर बदलून झालेलं असतं आणि त्याच्या शेजाऱ्याची बेरीज त्या नव्या किमतीवर होते. अर्धी घरं आजची, अर्धी उद्याची. 'लाइफ'ला सगळी घरं एकदम बदललेली लागतात.

हा प्रश्न फार जुना आहे. १९७९ साली डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांचा व्हिसिकॅल्क हा स्प्रेडशीट प्रोग्रॅम आला, त्यात गणित ओळीओळीने करायचं की कॉलमवार, हे वापरणाऱ्याने ठरवायचं असे. कोणतं घर कुणावर अवलंबून आहे ते पाहून तसा क्रम लावणं लोटस १-२-३ सारख्या नंतरच्या स्प्रेडशीट प्रोग्रॅममुळे रुळलं. आपल्याला त्याची इतकी सवय झालीय की क्रम नावाचं काही असतं हेच आपण विसरतो. सर्क्युलर रेफरन्समध्ये मात्र आधी कोण, नंतर कोण हे ठरवायला जागाच नसते.

उपाय आधीच्या चित्रांतच होता. नियम ९० आणि ३० मध्ये वेळ खाली वाहते: दर ओळ एक पिढी. 'लाइफ'ने आडवी-उभी दोन्ही दिशा वापरल्या म्हणून मी घड्याळ शोधत बसले. पण खाली १०,४८,५७६ ओळी रिकाम्या पडल्यात की! आता २० बाय २० चा चौक आणि वर-खाली एकेक मोकळी ओळ, असे २२ ओळींचे गठ्ठे एकाखाली एक रचलेत. दर गठ्ठा आपल्या वरच्याकडे बघतो, वर्तुळ कुठेच नाही. ८० गठ्ठ्यांच्या १,७६० ओळी झाल्या. पूर्ण शीटमध्ये ४७ हजारांहून जास्त पिढ्या मावतील, पण तो उद्योग कुणी करू नये.

दुसऱ्या शीटवर एकच चौक ठेवलाय. वरच्या एका घरात पिढीचा आकडा टाकायचा, इंडेक्स फंक्शन त्या गठ्ठ्यातली घरं उचलून आणतं. ग्लायडर ही 'लाइफ'मधली सरकत जाणारी ठिपक्यांची आकृती; तो चार पिढ्यांत तिरका एक घर सरकतो. वरच्या डाव्या कोपऱ्यातून सोडलेला ६८ पिढ्यांनी खालचा उजवा कोपरा गाठतो, तिथे आदळतो आणि त्याचा दोन बाय दोनचा ठोकळा होऊन बसतो. मग आकडा कमी करत जायचं: ठोकळ्यातून ग्लायडर निघतो आणि घरी परत जातो. 'लाइफ'च्या नियमाने मागे जाता येत नाही, कारण वेगवेगळ्या भूतकाळांतून एकच वर्तमान निघू शकतो. इथे भूतकाळ वरच्या ओळींत तसाच पडलेला आहे. मी हे किती वेळा केलं ते सांगत नाही.

सध्या समोरासमोरच्या कडा जोडायचं चाललंय, म्हणजे उजवीकडून गेलेला डावीकडून परत येईल. त्या मोकळ्या ओळींत आणि कॉलमांत पलीकडच्या कडेची नक्कल आणून ठेवलीय. कडा बसल्या. चार कोपरे अजून चुकीच्या घराकडे बघतायत.