विद्यापीठाच्या नावे विल करताना

मला वाटलं होतं, एका दुपारचं काम. ३६ वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलं, लग्न केलं नाही, पेन्शन चालू आहे. घर भाच्याला आणि मुदत ठेवींतला काही भाग युनिव्हर्सिटीला, एवढंच लिहायचं होतं. बडोद्यात दांडिया बाजारातल्या घरी बसून एक पान मराठीत लिहिलं: 'बडोदा विद्यापीठाच्या केमिस्ट्री डिपार्टमेंटला पाच लाख रुपये.'

वकिलांनी वाचलं आणि चष्मा काढून ठेवला. "बेन, या नावाची संस्थाच नाही."

खरंच की! आम्ही बडोदेकर नुसतं 'युनिव्हर्सिटी' म्हणतो, नाहीतर 'एम. एस.'. कागदावर ती महाराजा सयाजीराव युनिव्हर्सिटी ऑफ बरोडा, १९४९ पासून. शिवाय डिपार्टमेंटला स्वतःच्या नावाने देणगी घेता येत नाही. देणगी युनिव्हर्सिटीला लिहायची, ती कशासाठी हे पुढच्या वाक्यात.

मग पाच लाखांवर गाडी आली. मी अजून वीस वर्षं जगले तर त्या पैशांत काय येईल? आणि आजारपणात ठेवी मोडाव्या लागल्या तर? आकडा तसाच राहायचा आणि भाच्याच्या वाट्याला कात्री लागायची. शेवटी आकडा खोडून 'देणी आणि खर्च वजा जाता उरलेल्या ठेवींचा चौथा हिस्सा' असं केलं.

खरी लढाई हे पैसे कुणाला मिळावेत याच्या अटींवर झाली. मी चार घातल्या होत्या: मुलगी हवी, केमिस्ट्रीत एम.एस्सी. करणारी हवी, पहिल्या वर्गात पास हवी, आणि शाळा मराठी किंवा गुजराती माध्यमातून झालेली हवी. ही शेवटची माझ्या जिवाची. मी मराठी शाळेतून थेट इंग्रजीतल्या लेक्चरला जाऊन बसले होते. पहिले काही महिने फळ्यावरची सूत्रं तेवढी कळायची, बाकी सगळं डोक्यावरून जायचं. वकील शांतपणे म्हणाले, "एखाद्या वर्षी चारही अटींत बसणारी कुणी आलीच नाही तर? पैसे पडून राहतील. आणि उद्या कोर्सचं नावच बदललं तर?" मला राग आला. तरी रात्री घरी बसून दोन अटी कापल्या. मुलगी राहिली. माध्यमाच्या अटीआधी 'शक्यतो' लावलं. आणि हे जमत नसेल तर पैसे विज्ञान शिकणाऱ्या मुलींसाठीच, याच्या जवळ जाणाऱ्या एखाद्या कामाला वापरावेत, असं एक वाक्य जोडलं. विल वाचलं जाईल तेव्हा समजावून सांगायला मी नसणार, हे त्या वाक्याशी पहिल्यांदा नीट उमगलं.

ठेवींवर नॉमिनी म्हणून भाच्याचं नाव होतं. बँक पैसे त्याच्या हातात देईल, पण ते कुणाचे हे विल ठरवणार. म्हणून त्याला आधी सांगणं भाग होतं. पुण्याला फोन लावला. थोडा वेळ काहीच बोलला नाही, मग म्हणाला, "मावशी, चौथाच हिस्सा का?" मी घाबरले. त्याला म्हणायचं होतं, अर्धा का नाही! विलाची अंमलबजावणीही त्याच्याकडेच दिली.

भाच्याची बायको साक्षीला सही करते म्हणाली. वकिलांनी हात जोडले: ज्याला मिळायचं त्याच्या घरचा साक्षीदार नको, उद्या कुणी शंका काढेल. भजनी मंडळातल्या मैत्रिणीही बाद, कारण कोर्टात विल सिद्ध करायची वेळ आली तर साक्षीदार हयात हवा आणि त्या माझ्याहून मोठ्या. शेवटी दोन जुन्या विद्यार्थिनी आल्या. मजकूर त्यांनी वाचायची गरज नसते. मी सही करताना बघायचं आणि माझ्यासमोर आपली करायची.

विलाची नोंदणी सक्तीची नाही, स्टॅम्प ड्यूटीही लागत नाही. तरी मी नोंदणी केली. इथे त्यासाठी मराठी मजकुराला भाषांतर जोडा नाहीतर सरळ गुजरातीत करा, असा सल्ला मिळाला, म्हणून गुजरातीत केलं. मनाला थोडं लागलं. मग म्हटलं, शाळा गुजराती चालेल असं आपणच लिहिलंय की.

मूळ प्रत भाच्याकडे आहे. लॉकरमध्ये ठेवणार होते, पण मी गेल्यावर लॉकर उघडायचीच खटपट आधी करावी लागली असती.

साक्षीदारांना विलातून काही मिळता कामा नये म्हणतात. नोंदणीनंतर दोघींना सेव-उसळ खायला घातली, त्याला वकिलांची हरकत नव्हती.